विटांच्या घरास बाहेरून रंग द्यावा काय?

नागपुरातील सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रामदासपेठ अशा जुन्या वस्त्यांतून फिरताना उघड्या विटांच्या भिंती, कवेलूंचे उतरते छप्पर आणि पुढे व्हरांडा अशी घरे अद्यापि कोठे कोठे दृष्टीस पडतात. त्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे. जी उरली आहेत त्यांच्या मालकांपुढे दसरा जवळ आला की एक प्रश्न हटकून उभा राहतो : विटा आहेत तशाच ठेवाव्यात, की त्यांवर रंग चढवावा? हा प्रश्न बहुधा आवडीनिवडीचा म्हणून चर्चिला जातो. कोणास लाल वीट जुनाट वाटते, कोणास रंगविलेली वीट खोटी वाटते. आवडीनिवडीचा निवाडा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. भिंतीत शिरलेले पाणी बाहेर कोणत्या वाटेने जाते, आणि जाताना आपल्यामागे काय ठेवून जाते, या दृष्टीने पाहिल्यास या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे निश्चित देता येते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम विटेचा विचार करू. भाजलेली वीट ही वरवर घट्ट दिसली तरी सूक्ष्म छिद्रांनी भरलेली असते. सामान्य बांधकामाच्या विटेसंबंधीच्या भारतीय मानकानुसार चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवलेल्या विटेने आपल्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. उच्च प्रतीच्या विटेस ही मर्यादा १५ टक्के आहे. १९ × ९ × ९ सेंटिमीटर मापाच्या विटेचे वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरते. एका वीटभर जाडीच्या भिंतीत दर चौरस मीटरला अशा सुमारे १०० विटा बसतात. म्हणजे मानकात बसणारी भिंतसुद्धा, पूर्ण भिजली तर, चौरस मीटरमागे ५० लिटरांहून अधिक पाणी पोटात साठवू शकते. पावसाने भिंत इतकी कधीच भिजत नाही हे खरे. तथापि भिंत ही किती मोठी पाणसाठवण आहे याची कल्पना या आकड्यावरून यावी.

भिंत ‘श्वास घेते’ असे अलीकडे पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. हा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे. भिंत श्वास घेत नाही. ती पाणी पिते आणि वाळते. पाणी तिच्यात तीन वाटांनी येते. पावसाचे सपकारे, जोत्याखालच्या जमिनीतून केशाकर्षणाने वर चढणारी ओल, आणि फुटलेली पन्हळ किंवा गळकी मोरी. परंतु जाण्याची मोठी वाट एकच, ती म्हणजे पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन. घराच्या आतील बाजूस बहुधा गिलावा व ऑइलपेंट असतो, कपाटे टेकलेली असतात, वारा नसतो. तेव्हा भिंत वाळते ती मुख्यत्वे बाहेरून. बाहेरच्या पृष्ठभागावर आपण जे काही लावू ते या वाटेवर लावलेले असते.

यूरोप-अमेरिकेतील गृहरचनेच्या ग्रंथांत ‘विटेवर रंग देऊ नये’ असा उपदेश वारंवार आढळतो. त्यामागचे एक प्रमुख कारण म्हणजे हिम. रंगाच्या थराआड अडकलेले पाणी हिवाळ्यात गोठते, गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि विटेचा दर्शनी भाग फुटून पडतो. हे कारण नागपुरास लागू नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे ३.५ अंश सेल्सियस इतके नीचांकी तापमान नोंदले गेले, आणि त्या दिवशीदेखील भिंतीतील पाणी गोठण्याची शक्यता नव्हती. म्हणून तो उपदेश जसाच्या तसा उचलणे योग्य नाही. मात्र त्यावरून येथे रंग निर्धोक आहे असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. हिमाचे काम आपल्याकडे क्षार करतात.

आपल्या विटांत क्षार येतात कोठून? काही मातीतच असतात. काही भट्टीत निर्माण होतात; दगडी कोळशात गंधक असते, ते जळून त्याचा वायू मातीतील चुना, सोडा इत्यादींशी संयोग पावतो व त्यांचे सल्फेट बनतात. काही क्षार सिमेंटमधून येतात, काही जमिनीतील पाण्याबरोबर वर चढतात. पाण्यात विरघळलेला क्षार पाण्याबरोबर प्रवास करतो. पाण्याची वाफ होते त्या जागी तो मागे राहतो. उघड्या विटेवर ही जागा म्हणजे पृष्ठभाग. तेथे पांढरी भुकटी जमते, तिलाच आपण लोणा म्हणतो. लोणा पाहून घरमालक घाबरतो. परंतु पृष्ठभागावर आलेला लोणा हा बहुतांशी निरुपद्रवी असतो, कारण तो बाहेर पडलेला असतो; कोरड्या कुंच्याने झाडला की गेला. धोका असतो तो बाहेर पडू न शकलेल्या क्षाराचा.

या बाबतीत सोडियम सल्फेटचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. हा क्षार दोन रूपांत असतो : एक निर्जल, आणि दुसरे दहा जलरेणू सामावून घेणारे. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होताना त्याचे आकारमान मूळच्या तिपटीहून अधिक होते. ३२.४ अंश सेल्सियसच्या वर जलयुक्त रूप टिकत नाही. त्याखाली, हवेत पुरेशी आर्द्रता असल्यास, ते पुन्हा तयार होऊ शकते. आता नागपूरचा ऑक्टोबर डोळ्यांपुढे आणावा. दुपारी उन्हाने तापलेली भिंत ही मर्यादा सहज ओलांडते. रात्री ती तिच्या बरीच खाली येते, आणि पावसाळ्यातील ओल अद्याप भिंतीत असते. हा फेरा पृष्ठभागावर घडला तर भुकटी गळून पडते. तोच विटेच्या छिद्रांत, रंगाच्या थराच्या आड घडला तर स्फटिकांच्या दाबाने विटेचा पापुद्रा सुटतो.

येथे रंगाच्या विक्रेत्याकडून एक उत्तर मिळते व ते सर्वस्वी खोटे नाही. आधुनिक ॲक्रिलिक रंगांपैकी चांगल्या प्रतीचे रंग पाणी अडवितात, पण वाफ जाऊ देतात, असे तो सांगतो. मान्य. परंतु वाफ गेली तरी क्षार जात नाही. वाफेबरोबर मीठ उडत नाही हे मिठागरावर काम करणारा कोणताही मजूर सांगेल. थरातून फक्त वाफ बाहेर पडते याचा अर्थच असा की, पाणी थराच्या आतल्या बाजूस वाफ होते आणि क्षार तेथेच, विटेत व रंगाच्या सांध्यावर, साठत जातो. जो थर पाणी द्रवरूपाने पृष्ठभागापर्यंत येऊ देतो तोच क्षारालाही बाहेर येऊ देतो. विटेच्या भिंतीस लावावयाच्या कोणत्याही लेपाची खरी कसोटी ही आहे, आणि ती डब्यावर छापलेली नसते.

आपण ‘रंग’ या एकाच शब्दाखाली अगदी भिन्न प्रकृतीचे पदार्थ घेतो, त्यामुळेही गोंधळ होतो. चुन्याची सफेदी हा खरे पाहता रंग नव्हेच. तो दगडाचा अत्यंत पातळ थर आहे. कळीचा चुना पाण्यात विरवला की तो फुगतो व तापतो. गाळून पातळ करून ओल्या भिंतीवर लावला असता तो हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीत रूपांतर पावतो. हा थर छिद्रमय असतो. पाणी व क्षार त्यातून बाहेर येतात, त्याबरोबर सफेदीही थोडी थोडी झडते. दरवर्षी सफेदी करावी लागते हा तिचा दोष मानला जातो, परंतु झडणे हेच तिचे काम होय. ती स्वतः झिजते आणि विटेला झिजू देत नाही. सेवाग्राम येथे, गांधीजी १९३६ पासून जेथे राहिले, त्या कुटींच्या मातीच्या भिंतींनाही हाच न्याय लागू आहे. वरचेवर होणाऱ्या लिंपणाने भिंत टिकते, आणि लिंपण म्हणजे भिंतीच्या वतीने पाऊस सोसणारा थर.

जर्मनीत १८७८ साली ॲडॉल्फ विल्हेल्म काइम याने पोटॅशियम सिलिकेटवर आधारलेल्या खनिज रंगाचे पेटंट घेतले. हा रंग पृष्ठभागावर पापुद्रा न धरता विटेशी रासायनिक रीत्या जोडला जातो व छिद्रे मोकळी ठेवतो. गुणाने तो चुन्याच्या जवळचा आणि टिकाऊपणात पुष्कळ वरचढ आहे. मात्र महाग, आणि पूर्वी प्लास्टिक रंग दिलेल्या भिंतीस निरुपयोगी. स्नोसेम या नावाने ओळखला जाणारा सिमेंटचा रंग यांच्या मधला आहे. तो ॲक्रिलिकइतका वाट अडवीत नाही, पण नरम, चुन्यात बांधलेल्या जुन्या विटेच्या मानाने कठीण असतो. रबरासारखा ताणणारा ‘वॉटरप्रूफ’ रंग हा या सर्वांत, विटेच्या भिंतीपुरता, वाईट.

आता दसऱ्याकडे वळू. नागपूरला वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाळा सरतो, आणि दिवाळीपूर्वी घराला रंग देण्याची लगबग सुरू होते. म्हणजे वर्षातून भिंतीत सर्वांत अधिक पाणी असते नेमक्या त्या आठवड्यांत आपण ती रंगवितो. ही प्रथा चुन्याच्या काळात पडली, आणि चुन्यासाठी ती अगदी बिनचूक होती. चुन्याला ओली भिंत हवी असते, हवेत थोडी आर्द्रता हवी असते. मे महिन्याच्या उन्हात लावलेली सफेदी चुनखडी बनण्यापूर्वीच सुकते व हाताला लागते. ऑक्टोबरात लावलेली घट्ट बसते. पुढे चुन्याच्या जागी प्लास्टिक रंग आला, मुहूर्त मात्र तोच राहिला. ओल्या भिंतीवर पापुद्रा चढविण्याची पद्धत अशा रीतीने रूढ झाली. ज्यांना तो रंग द्यावयाचाच आहे त्यांनी निदान मार्च-एप्रिलपर्यंत थांबावे, हे एवढे एक पथ्य पाळले तरी पुष्कळ नुकसान टळेल.

प्रस्तुत लेखकास हे ज्ञान पुस्तकातून झालेले नाही. धरमपेठेतील आमचे वडिलोपार्जित घर चुन्याच्या सांध्यांचे, नऊ इंची विटेचे. एका दिवाळीपूर्वी, घरात कार्य निघाले म्हणून, आम्ही त्याला विटकरी प्लास्टिक रंग देवविला आणि वर रंगाऱ्याकडून पांढऱ्या रेघांनी सांधे काढून घेतले. (खऱ्या विटेवर विटेचे चित्र काढण्याचा हा प्रकार आता विनोदी वाटतो, त्या वेळी पाहुण्यांनी वाखाणणी केली.) पहिला पावसाळा निभला. दुसऱ्यानंतर जोत्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगाला फुगवटे आले, आणि पोपडा ओढला की त्याच्या पाठीला विटेचा लाल पापुद्रा चिकटून येई. मग रंग काढण्यासाठी यंत्राने घासण्याचा सल्ला मिळाला व आम्ही तोही मानला. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. भट्टीत विटेच्या बाहेरील अंगास अधिक आच लागते व तिच्यावर एक कठीण साल तयार होते. आतला गर त्या मानाने नरम असतो. घासणीने रंगाबरोबर ती साल गेली. त्या भागातील विटा आज बोटाने चोळल्या तरी भुगा देतात. रंग देण्याचा निर्णय फिरविता येतो असे मानून आपण तो सहज घेतो. विटेच्या बाबतीत तो बहुधा फिरविता येत नाही.

याचा अर्थ प्रत्येक वीट उघडीच ठेवावी असा नाही. चांगली वीट उघडी ठेवली असता किती टिकते याचा दाखला दूर शोधावयास नको. छत्तीसगडातील सिरपूरचे लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातील आहे. त्याच्या विटांवरील कोरीव काम तेराशेहून अधिक पावसाळे सोसून उभे आहे. पण त्यातील कारागिरी नीट पाहावी. विटा उत्तम भाजलेल्या, सांधे अत्यंत बारीक, आणि संपूर्ण विटकाम उंच दगडी जगतीवर चढविलेले. जमिनीची ओल त्याच्यापर्यंत पोचणे कठीण. याउलट, नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे उत्खनन करून जे विटांचे स्तूप उजेडात आणले, ते शतकानुशतके मातीखाली होते. सारखी ओल विटेला फारशी बाधत नाही. भिजणे आणि वाळणे यांचा फेरा बाधतो. अशा विटा उत्खननानंतर उघड्या हवेत आल्या की त्यांची खरी परीक्षा सुरू होते. तिरुअनंतपुरम येथे लॉरी बेकर यांनी सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या इमारती उघड्या विटांत बांधल्या, त्या नागपूरहून पुष्कळ अधिक पावसाच्या प्रदेशात. तेथे विटेचे रक्षण रंगाने नव्हे तर छपराच्या पुढे आलेल्या वळचणीने होते. आपल्या जुन्या बंगल्यांचा व्हरांडा हेच काम करीत असे. व्हरांडा बंद करून खोली काढली की पाऊस थेट भिंतीवर येतो, आणि मग घरमालक रंगाच्या दुकानात जातो.

वीट चांगली की वाईट हे ठरविणे अवघड नाही. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज यावा, नखाने ओरखडा उठू नये. बांधलेल्या भिंतीवर पाणी शिंपडावे; ते क्षणार्धात गडप झाले तर वीट कच्ची आहे. अशी कच्ची वीट उघडी ठेवू नये. पण तिच्यावर रंग हाही उपाय नव्हे. तिला गिलावा हवा, आणि भिंत चुन्यात बांधलेली असल्यास गिलावाही चुन्याचाच हवा. जुन्या सांध्यांत सिमेंटचा दर्जा भरणे ही सर्रास केली जाणारी दुरुस्ती विशेष घातक आहे. सांधा विटेहून कठीण झाला की पाणी विटेतून बाहेर पडू लागते आणि सांधे शाबूत राहून विटा खड्ड्यांसारख्या खचतात.

कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांच्या राखेपासून केलेल्या विटांचा प्रश्न निराळा आहे. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेनंतर त्यांचा प्रसार झाला. त्या भट्टीत भाजलेल्या नसतात, त्यांना साल नसते, आणि बहुधा त्यांवर गिलावा करण्याचेच योजलेले असते. त्यांना वरील विवेचन अंशतःच लागू पडते.

रंगाच्या बाजूने एक मुद्दा मात्र असा आहे की, तो नागपुरात टाळता येणार नाही, आणि तो म्हणजे उन्हाळा. लाल वीट तिच्यावर पडणाऱ्या सूर्याच्या उष्णतेपैकी सुमारे दोन-तृतीयांश शोषून घेते. ताजी पांढरी सफेदी त्याच्या निम्म्याहूनही कमी. नऊ इंची भिंतीतून उष्णता आत पोचण्यास सहा-सात तास लागतात. दुपारी चारचे ऊन रात्री दहा-अकराला अंथरुणापाशी येते. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि ज्याने २०१६ पासून उष्णतेच्या लाटेसाठी स्वतंत्र कृती-आराखडा राबविला, तेथे केवळ विटेच्या सौंदर्यासाठी हा लाभ नाकारणे शहाणपणाचे नाही. प्रश्न इतकाच की, तो कोणत्या भिंतीसाठी हवा.

नागपूर २१ अंश ९ कलांच्या आसपास उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही येथे थेट डोक्यावर येतो, आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्ही किंचित उत्तरेस असतो. अर्थात कडक उन्हाळ्यात दक्षिणेकडील भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. हिवाळ्यात ते पडते, पण तेव्हा ते हवेसे असते. उन्हाळ्याचा मारा येतो तो छपरावर आणि पूर्व-पश्चिम भिंतींवर. त्यांतही पश्चिमेची भिंत हवा आधीच तापलेली असताना तापते. पावसाळी वारेही येथे बहुधा पश्चिम व नैर्ऋत्य दिशांकडून येत असल्याने पाऊस सर्वाधिक झोडपतो तो याच भिंतीला. तेव्हा जिला परावर्तक लेपाची सर्वांत अधिक गरज, तीच भिंत सर्वांत अधिक ओली. तिच्यावर प्लास्टिक रंग सर्वांत लवकर फसतो, आणि चुन्याची सफेदी सर्वांत अधिक उपयोगी पडते.

आमच्या घरापुरता निर्णय आम्ही असा घेतला. पूर्व, उत्तर व दक्षिण या तीन बाजूंच्या विटा उघड्याच ठेवल्या; सांध्यांतील सिमेंट काढून चुना व सुरखी यांचा दर्जा भरला. पश्चिमेच्या भिंतीवर, घासलेल्या विटांवर प्रथम चुन्याचा पातळ गिलावा केला व वर सफेदीचे तीन हात दिले, पहिला पाण्यासारखा पातळ. सफेदीत थोडा डिंक घातला. मीठ घालण्याचा एका गवंड्याचा आग्रह होता, तो मात्र मानला नाही, कारण जो पदार्थ भिंतीतून काढावयाचा तोच तिच्यात घालण्यात अर्थ नव्हता. अगदी पांढरा रंग डोळ्यांवर येतो म्हणून शेवटच्या हातात चिमूटभर पिवडी मिसळली. जोत्याभोवती फरशी होती ती वीतभर रुंदीने उखडून तेथे खडी भरली, म्हणजे पाणी भिंतीशी साचणार नाही. जोत्यालगतच्या दोन थरांवर दर हिवाळ्यात अजूनही लोणा येतो. तो झाडून काढतो, आणि दसऱ्याला तेवढ्या भागावर पुन्हा एक हात देतो.